गृहविक्रय आणि सत्यधर्म

घर कसे बांधावे, नव्या घरात प्रवेश कोणत्या विधीने करावा, दारी आलेल्या अतिथीचे स्वागत कसे करावे, ह्या गोष्टी आपल्या धर्मग्रंथांनी गृहस्थाला विस्ताराने सांगितल्या आहेत. वास्तुशांती केल्यावाचून नव्या घरात राहावयास जाऊ नये, हे सामान्य मनुष्यालाही ठाऊक असते. परंतु तेच घर सोडून जावयाचे असले, ते मोल घेऊन दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचे असले, तर त्या वेळी कोणता धर्म पाळावा, हा प्रश्न आपल्या मनात सहसा उद्भवत नाही. तो दलालाचा, रंगाऱ्याचा आणि नोंदणी कचेरीचा विषय आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः बहुतेक गृहस्थ आयुष्यात एखाददुसऱ्या वेळीच घर विकतात, आणि त्या वेळी आजवर हाती न आलेली मोठी रक्कम डोळ्यांपुढे दिसत असते. भाजी घेताना किंवा दूध मोजताना ज्याचे सत्य ढळत नाही, अशा मनुष्याचेही सत्य ह्या प्रसंगी ढळू शकते.

प्रश्न असा आहे : विकावयाच्या घराची डागडुजी आणि रंगसफेदी ही कोठपर्यंत सुधारणा असते, आणि कोठून पुढे ती फसवणूक होते? घराचा जो दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यांस दिसत नाही, तो त्याने विचारला नसतानाही सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे काय? ह्या विचारास मी पोथीवरून प्रवृत्त झालो नाही. एका प्रसंगाने तो माझ्यावर आणून घातला, आणि त्या प्रसंगी माझे वर्तन माझ्या शिक्षणास शोभण्यासारखे झाले नाही. म्हणून आधी तो प्रसंग सांगतो आणि मग शास्त्राकडे वळतो.

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, इरुंगाट्टुकोट्टै नावाचे गाव आहे. ह्युंदाई ह्या कोरियन कंपनीने १९९६ साली येथे मोटारींच्या कारखान्याची उभारणी आरंभिली, आणि १९९८ पासून त्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. मागोमाग सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखाने आले, कामगार आणि अधिकारी आले, आणि जेथे भाताची खाचरे होती तेथे घरांच्या वसाहती उठल्या. हा प्रदेश तलावांचा आहे. तलावाला तमिळ भाषेत ‘एरी’ म्हणतात. एका एरीचे वाढलेले पाणी चरांवाटे दुसरीत जावे आणि शेवटी नदीस मिळावे, अशी जुन्या लोकांची योजना होती. चेंबरंबाक्कम् हा चोवीस फूट खोलीचा, चेन्नई शहराला पाणी पुरविणारा विस्तीर्ण तलाव येथून जवळच आहे. घरे बांधताना पुष्कळ ठिकाणी चर बुजले, सखल जागा भरल्या गेल्या. परंतु पाण्याला आपली जुनी वाट विसरता येत नाही.

ह्या भागातील एका कारखान्यात माझा धाकटा भाऊ अनेक वर्षे नोकरीस होता. त्याने जवळच्याच एका वसाहतीत तीन खोल्यांचे, वर गच्ची असलेले, बैठे घर कर्ज काढून घेतले. २०१५ च्या डिसेंबरच्या आरंभी त्या प्रदेशात जो पाऊस झाला तो वाचकांस स्मरत असेल. चेंबरंबाक्कम् तलावातून त्या वेळी सेकंदाला सुमारे एकोणतीस हजार घनफूट एवढे पाणी अड्यार नदीत सोडावे लागले, आणि मुडिच्चूरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत घरेच्या घरे पाण्याखाली गेली. भावाच्या वसाहतीत नदी आली नाही, तेथे बुजलेल्या चराचे पाणी आले. रात्री ते उंबरा ओलांडून आत शिरले, गुडघ्याएवढे चढले आणि दोन दिवस राहिले. पुढे २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळाच्या पावसातही ते अंगणापर्यंत येऊन परत गेले.

पुढे भावाची बदली पुण्याजवळ झाली आणि घर विकावयाचे ठरले. त्याच्या मदतीसाठी मी तेथे गेलो होतो. चैत्राचे दिवस होते. भिंतींच्या खालच्या भागाला लोणा लागून गिलाव्याचे पोपडे सुटले होते, आणि जमिनीपासून दीड फुटावर एक पिवळसर रेघ चारही भिंतींवरून फिरलेली दिसत होती. पुराचे पाणी जेथवर चढले होते तेथील ती खूण होती. घर पाहून मिस्त्री म्हणाला, “खालचे तीन फूट टाइल्स लावू, वर पुट्टी भरून रंग देऊ. आठ दिवसांत घर नवे दिसेल.” त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. कार्तिक येण्याआधी घर विकले जावे, असे तो म्हणाला.

त्याच्या बोलण्याचा अर्थ त्या प्रदेशाचे ऋतुमान जाणणाऱ्यास लगेच कळेल. महाराष्ट्रात मृगापासून पाऊस लागतो. चेन्नईकडे मुख्य पाऊस आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत पडतो. चैत्र-वैशाखात तेथील भिंत कोरडी ठणठणीत असते. विटेच्या सूक्ष्म छिद्रांतून जमिनीतील पाणी वर चढते, आपल्याबरोबर क्षार आणते, आणि पाणी उडून गेले म्हणजे ते क्षार गिलाव्यात साठून त्याला आतून ढकलतात. त्यावर टाइल्स बसविल्या तर ओल नाहीशी होत नाही. तिची बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि ती टाइल्सच्या वरच्या भिंतीत चढते. म्हणजे उन्हाळ्यात झाकलेला दोष विकणाऱ्याच्या घरी दिसत नाही, तो विकत घेणाऱ्याच्या घरी पुढच्या पावसात दिसतो. मिस्त्री वाईट मनुष्य नव्हता. त्याला जे करावयास नेहमी सांगितले जाते तेच तो सांगत होता. आम्ही ते काम करविले. मी स्वतः रंगाची छटा निवडली.

पंधरा दिवसांनी एक तरुण जोडपे घर पाहावयास आले. घर त्यांना आवडले. मागच्या बाजूची खोली पाहून तो गृहस्थ पत्नीस म्हणाला की, ही आईसाठी ठीक आहे. स्नानगृह लागूनच आहे आणि पायऱ्या नाहीत. त्याची आई अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेली होती. भाऊ कागदपत्रे आणावयास आत गेला असता त्या गृहस्थाने मला हिंदीत विचारले, “पंडितजी, यहाँ बारिश का पानी तो नहीं आता?” मी म्हणालो, “गेल्या पावसाळ्यात तर मुळीच आले नाही.”

हे वाक्य अक्षरशः खरे होते. गेल्या पावसाळ्यात पाणी आले नव्हते. त्या गृहस्थाचे समाधान झाले, कारण मी पंडित आहे हे त्यास सांगण्यात आले होते. ते जोडपे गेल्यावर मला आपल्याच एका जुन्या लिखाणाचे स्मरण झाले. महाभारतातील काही आख्यानांचा अनुवाद करताना द्रोणपर्वातील प्रसंगाला मी एक टीप जोडली होती. अश्वत्थामा मारला गेला हे युधिष्ठिराने स्पष्ट म्हटले आणि तो हत्ती होता हे अस्पष्ट म्हटले. तोपर्यंत पृथ्वीपासून चार अंगुळे वर राहणारा त्याचा रथ त्या क्षणी भूमीस टेकला. मी टीपेत लिहिले होते की, असत्याचे माप शब्दांवरून घ्यावयाचे नसते; ऐकणाऱ्याच्या मनात बोलणाऱ्याने जाणूनबुजून काय उत्पन्न केले, यावरून ते घ्यावयाचे असते. ही टीप लिहिताना मला काहीच कष्ट पडले नव्हते. दुसऱ्याचा रथ खाली आलेला दाखविणे सोपे असते.

रात्री मी भावापाशी विषय काढला. तो रागावला, आणि त्याच्या रागास कारण होते. तो म्हणाला, “दादा, तू परत जाशील. कर्ज मला फेडायचे आहे. मुलीच्या शिक्षणाचे पैसे ह्यातूनच उभे करायचे आहेत.” त्याने जे आक्षेप घेतले ते कोणताही विचारी गृहस्थ घेईल असेच होते. म्हणून ते पूर्वपक्ष म्हणून क्रमाने मांडतो आणि त्यांचा विचार करतो.

पहिला आक्षेप असा की, घेणाऱ्याला डोळे आहेत. त्याने घर पाहिले, भिंती ठोकून पाहिल्या. त्याला जे दिसले नाही ते दाखविण्याचे ओझे विकणाऱ्यावर का? ह्याचे उत्तर आपल्या स्मृतिकारांनी फार पूर्वी दिलेले आहे. मनूने जी वस्तू विकण्यास अयोग्य ठरविली तीत झाकून ठेवलेल्या वस्तूचाही समावेश केला. निर्दोष वस्तू दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याने दुप्पट मूल्य द्यावे आणि तितकाच दंड भरावा, असे नारदस्मृतीचे शासन आहे. कौटिल्याने तर घरादाराचा विक्रय घरापुढे, शेजारच्या चाळीस कुळांतील लोकांसमोर, उघड घोषणा करून व्हावा असे सांगितले. जेथे शेजारी उभे असतील तेथे घराचा दोष लपणार कसा? आजचा कायदाही ह्या बाबतीत निराळे बोलत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमानुसार, जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, घेणाऱ्यास ठाऊक नाही, आणि साधारण काळजी घेऊनही घेणाऱ्यास कळू शकत नाही, तो सांगण्यास विकणारा बांधलेला असतो. विरुद्ध करार नसेल तर न सांगणे हेच कपट समजले जाते. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावे हे खरे. परंतु ज्याने रेघेवर टाइल्स बसविल्या त्याने घेणाऱ्याच्या डोळ्यांवर आपला हात ठेवला, आणि मग तो म्हणतो की ह्याने पाहिले का नाही!

दुसरा आक्षेप असा की, मी खोटे तर बोललो नाही. गप्प राहिलो एवढेच. मौनालाही धर्मात स्थान आहे. ह्याचे उत्तर असे की, मौनाला स्थान आहे ते जेथे आपल्या न बोलण्याने दुसरा फसत नाही तेथे. कोणी आपली मिळकत विचारली, घरातील खाजगी गोष्ट विचारली, तर तेथे मौन धरणे योग्य असेल. घर विकताना परिस्थिती उलट असते. ज्ञान एकाकडे आहे आणि संकट दुसऱ्यावर येणार आहे, आणि आपण गप्प राहावे म्हणून आपल्याला मोल मिळत आहे. ज्या मौनाला मोल मिळते ते मौन नव्हे, ती विकलेली वाणी होय.

तिसरा आक्षेप ऐकून मी क्षणभर निरुत्तर झालो, कारण तो गीतेचा आधार घेऊन आला. भाऊ म्हणाला, “सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे ना? जे बोलणे दुसऱ्याला उद्वेग देत नाही ते बोलावे. त्या बिचाऱ्यांना पुराची गोष्ट सांगून त्यांच्या जिवाला घोर का लावायचा?” शास्त्राचे एक पद उचलून आपल्या सोयीस लावणे हा दोष शिकलेल्यांच्याही अंगी असतो, तेव्हा त्याला मी कोणत्या तोंडाने दोष देणार! परंतु त्या ठिकाणी वाणीची चार लक्षणे एकत्र सांगितली आहेत : ती उद्वेगकारक नसावी, सत्य असावी, प्रिय असावी आणि हितकर असावी. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात स्पष्ट केले आहे की, ही लक्षणे एकत्र असली तरच ते वाणीचे तप होय. त्यांतील एखादे जरी उणे असले तरी तपाची सिद्धी होत नाही. म्हणून गोड परंतु असत्य बोलणे हे जसे तप नव्हे, तसे सत्य परंतु टोचून बोलणे हेही तप नव्हे. ‘उद्वेग देऊ नये’ ह्या वचनाने सत्य सोडण्याची मुभा मिळत नाही. सत्य कोणत्या रीतीने सांगावे एवढे त्यातून कळते. शिवाय उद्वेगाचा काळही पाहावा लागतो. आज ऐकून घेणाऱ्यास जो उद्वेग होईल तो दोन दिवसांत निवेल. पण मार्गशीर्षातील एखाद्या रात्री, पाणी खाटेपर्यंत चढत असता, जो उद्वेग होईल तो मी त्यास आज गप्प राहून दिलेला असेल.

चौथा आक्षेप अधिक अवघड आहे. भावाने विचारले, “मी सांगितले तर शेजाऱ्यांच्या घरांची किंमतही उतरेल. त्यांचे नुकसान करण्याचा मला काय अधिकार?” येथे दोन परोपकारांचा विरोध दिसतो. परंतु बारकाईने पाहिले तर शेजाऱ्याचे जे नुकसान होते ते त्याच्या घराचे नव्हे, त्याच्या घराविषयी इतरांच्या मनात असलेल्या भ्रमाचे होय. त्या भ्रमावर त्याचा हक्क नव्हता. उलट सर्वांनी दोष झाकला म्हणजे बुजलेला चर उघडावा असे कोणासच वाटत नाही, आणि पाण्याला वाट मिळत नाही. एखाद्या गल्लीतील लोक उघडपणे पाण्याविषयी बोलू लागले, म्हणजेच नगरपालिकेकडे किंवा पंचायतीकडे अर्ज जातो आणि कामास आरंभ होतो. तथापि ह्यात एक मर्यादा पाळावी : आपल्या घराचा दोष सांगावा, शेजाऱ्याच्या घराची निंदा करू नये.

पाचवा आक्षेप मुलीच्या शिक्षणाचा. कुटुंबाचे पोषण हा गृहस्थाचा धर्म आहे. मग त्यासाठी थोडे झाकले तर काय बिघडले? ह्याला मी तर्काने उत्तर देऊ शकलो नाही. उत्तर भावजयीने दिले. ती इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “भाऊजी, त्या रात्री मी पोरीला मांडीवर घेऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून होते. आम्ही धडधाकट होतो म्हणून चढलो. त्या आजींना कोण उचलणार होतं?” ती आणखी काही बोलली नाही. भाऊही पुढे काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच त्या गृहस्थास दूरध्वनी केला आणि पाणी कोणत्या साली, किती आणि किती दिवस होते, ते सांगितले. मीही त्या गृहस्थाशी बोललो आणि माझे वाक्य मागे घेतले. ते मागे घेणे हे ते बोलण्याइतके सोपे नव्हते, एवढे मी येथे नमूद करतो.

त्या जोडप्याने घर घेतले नाही. ह्याचे कोणी बक्षीस दिले असेल असे वाचकांनी समजू नये. घर पुढे सात महिने विकले गेले नाही. तेवढ्या काळाचे कर्जाचे हप्ते भावाने पुण्यातील भाड्याबरोबर भरले, आणि अखेरीस ठरविलेल्या किमतीहून बऱ्याच कमी किमतीस ते गेले. ज्याने ते घेतले त्याला सर्व सांगितले होते. त्याने खाली दुकानाचे सामान उंच मांडण्यांवर ठेवावे आणि गच्चीवर खोल्या चढवाव्या असा बेत केला होता. भावाने पुण्यात आधी योजिले होते त्यापेक्षा लहान घर घेतले. चेन्नईकडे मोठा पाऊस झाल्याचे वाचले म्हणजे आजही त्याला त्या घराची आठवण होते. पण ती आठवण भीतीची नसते, असे तो म्हणतो. ह्यापलीकडे ह्या कथेचे फळ मी सांगू शकत नाही. सत्याने नुकसान होत नाही असे सांगणारा मनुष्य सत्याचा पुरस्कार करीत नाही, तो सत्याचाही व्यापार मांडतो. नुकसान होते. ते सोसण्याची तयारी असणे ह्यालाच तेथे धर्म हे नाव आहे. कर्म करण्यावर आपला अधिकार आहे, फळावर नाही, हे भगवद्वचन आपण नित्य पाठ म्हणतो. घर विकण्याच्या प्रसंगी त्याचा अर्थ असा होतो की, घर नीट करणे आणि नीट सांगणे आपल्या हाती आहे, येणारी किंमत आपल्या हाती नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घर विकण्यापूर्वी ते सजवूच नये काय? असे कोणी म्हणणार नाही. पाहुणा यावयाचा असता आपण अंगण झाडतो, रांगोळी घालतो. त्यात कपट नसते. पुढे येणाऱ्या कुटुंबाला गळकी गच्ची आणि तुंबलेली मोरी देऊन जाणे हे तर उलट अप्रशस्त होय. भेद कामात नाही, कामाच्या हेतूत आहे. ह्या ठिकाणी मला महाभारतातील दुसऱ्या एका घराचे स्मरण होते. वारणावतात पुरोचनाने पांडवांसाठी जे घर उभारले ते दिसण्यात सुंदर होते, त्याचे नावही ‘शिव’ म्हणजे कल्याणकारी असे ठेवले होते. आत मात्र लाख आणि तूप यांनी माखलेल्या भिंती होत्या. युधिष्ठिराने वासावरून ते ओळखले आणि विदुराच्या सूचनेने तो सावध होता, म्हणून पांडव वाचले. त्या घराची कारागिरी उत्तम होती. दोष एवढाच की, तीतील प्रत्येक शोभा राहणाऱ्याला काही कळू नये म्हणून केलेली होती. आम्ही कोणी पुरोचन नव्हतो, कोणाचा घात करावा असे आमच्या मनात नव्हते. तरी आमच्या टाइल्सही राहणाऱ्याला काही कळू नये म्हणूनच लावलेल्या होत्या, हे मला नाकारता येत नाही.

ह्यावरून एक कसोटी निघते, ती सामान्य गृहस्थास सहज लावता येण्यासारखी आहे. काम करण्यापूर्वी मनाशी दोन प्रश्न विचारावे. ‘हे घर मला विकावयाचे नसते, येथेच आणखी दहा वर्षे राहावयाचे असते, तर मी हे काम असेच केले असते काय?’ आणि ‘हे काम झाल्यावर ते का केले, त्याच्या खाली काय आहे, हे घेणाऱ्याला मी मोकळ्या मनाने सांगू शकेन काय?’ दोहोंचे उत्तर ‘होय’ असेल तर ती सुधारणा आहे; तिच्यावर खर्च केलेला पैसा किमतीत मागण्यासही काही प्रत्यवाय नाही. जे काम सांगता येते ती दुरुस्ती. जे काम झाकूनच ठेवावे लागते ते कपट.

ही कसोटी लावून आम्ही पुढे काय केले ते सांगितल्यास विषय स्पष्ट होईल. खालच्या टाइल्स काढल्या. क्षार धरलेला गिलावा विटेपर्यंत खरवडून भिंती उघड्या ठेवून वाळू दिल्या, आणि मग नवा गिलावा केला. विजेच्या कळा जमिनीलगत होत्या त्या चार फुटांवर नेल्या. सांडपाण्याच्या नळाला पाणी उलट येऊ न देणारी झडप बसविली. दारापुढचा चर जेवढा आपल्या हद्दीत होता तेवढा साफ केला. रंगही दिला, रंगात पाप नाही. मात्र मागच्या खोलीच्या एका कोपऱ्यात, जेथे पाणी चढले होते तेथे, भावाने एक लहान खूण करून खाली साल लिहून ठेवले. ह्या सर्व कामांस आधीच्या रंगकामाहून अधिक खर्च आला. पण ती कामे घेणाऱ्यास एकेक करून दाखविता आली, आणि त्या घरात पुढच्या पावसात जो कोणी राहील त्याच्या ती उपयोगी पडतील.

विकणाऱ्याने आपल्या घराची निंदा करीत बसावे असे ह्याचे तात्पर्य नाही. वारा कोठून येतो, सकाळचे ऊन कोठल्या खोलीत पडते, शेजारी कसे आहेत, हे गुण त्याने आनंदाने सांगावे. दोष सांगताना तो वाढवून सांगू नये. पाणी केव्हा आले, किती आले, त्यानंतर आपण काय उपाय केले, हे सर्व सांगावे, म्हणजे ऐकणाऱ्यास भीती न वाटता निर्णय घेता येतो. इसार घेण्याच्या आधीच हे बोलणे व्हावे. इसार घेतल्यावर सांगितलेले सत्य अर्धे बळ गमावून बसते. घेणाऱ्याकडेही काही कर्तव्य आहेच. त्याने विचारण्याचा संकोच करू नये, पावसाळ्यात एकदा घर पाहावे, शेजाऱ्यांशी बोलावे. आणि विकणाऱ्याने प्रामाणिकपणे दोष सांगितला तर त्या सांगण्याचा गैरफायदा घेऊन दोषाच्या मानाबाहेर किंमत पाडू नये. जो घेणारा असे करतो तो पुढच्या विकणाऱ्यास खोटे बोलावयास शिकवितो.

कोणी म्हणेल की, इतके सूक्ष्म सत्य हे संन्याशांसाठी आहे, व्यवहारी माणसासाठी नव्हे. शांतिपर्वातील तुलाधाराची कथा ह्याचे उत्तर आहे. जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहिला की, पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला आपल्या तपाचा अभिमान झाला, तेव्हा त्याला वाराणसीतील एका दुकानदाराकडे धर्म शिकावयास जावे लागले. त्या दुकानदाराजवळ तप काय होते? तो कपट न करता माल विकीत असे, आणि त्याचा तराजू सर्व प्राण्यांसाठी सारखा होता. धर्माचे रहस्य अरण्यातून बाजारपेठेत यावे आणि तेथे तराजूला लटकलेले सापडावे, असे व्यासांनी योजिले आहे. घर विकणारा गृहस्थ काही काळापुरता दुकानदारच असतो. त्याच्याही हाती तेवढ्या वेळेपुरता तराजू आलेला असतो.

इरुंगाट्टुकोट्टैहून पश्चिमेस थोड्याच अंतरावर श्रीपेरुंबुदूर आहे. तेथे परंपरेनुसार १०१७ साली श्रीरामानुजाचार्यांचा जन्म झाला. घराचे काम चालू असता एका सायंकाळी मी तेथील देवालयात दर्शनास गेलो होतो. आचार्यांविषयी परंपरेने सांगितलेली एक गोष्ट त्या ठिकाणी मनात आली. तिरुक्कोष्टियूर येथील गुरूंनी त्यांना मंत्र दिला आणि तो कोणास सांगू नये, सांगितल्यास नरकप्राप्ती होईल, असे बजावले. आचार्यांनी देवालयावर चढून तो सर्व लोकांस ऐकविला. गुरूंनी कारण विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, इतक्यांचे कल्याण होत असेल तर मी एकटा नरकात गेलो तरी चालेल. त्यांनी जे उघड केले ते मोक्षाचे साधन होते, आणि आम्हास जे उघड करावयाचे होते ती भिंतीवरची एक रेघ होती. दोहोंची तुलना करणे हे धाडस आहे, हे मी जाणतो. परंतु जे ठाऊक असल्याने दुसऱ्याचे हित होणार आहे ते, आपले नुकसान झाले तरी, त्याच्यापासून दडवू नये, एवढा धडा लहान माणसालाही आपल्या मापाने घेता येतो.

वाचकहो, आपल्यापैकी कोणावर घर विकण्याचा प्रसंग येईल तेव्हा रंगाऱ्यास बोलाविण्यापूर्वी एकदा त्या घरातून हिंडावे. आपण ज्या खोलीत निजलो, जेथे मुले वाढली, जेथे वडीलधाऱ्यांनी देह ठेवला, तेथे आता दुसऱ्या कोणाची मुले निजणार आहेत आणि दुसऱ्या कोणाची आई अंथरुणास खिळून राहणार आहे, हे डोळ्यांपुढे आणावे. आपल्याला घराविषयी जे ठाऊक आहे ते त्या कुटुंबाच्याही उपयोगाचे आहे. घर देताना किल्लीबरोबर तेही द्यावे. ज्या घरात आपण वास्तुशांती करून प्रवेश केला, त्यातून बाहेर पडतानाही मन शांत असावे, अशी सद्बुद्धी परमेश्वर आपणा सर्वांस देवो.